विसार देण्याआधी
जुना फ्लॅट पाहण्याची कृती : गच्चीपासून जोत्यापर्यंत, पाण्याच्या वाटेने

आमचं पुण्यातलं घर आम्ही एप्रिलमध्ये पाहिलं आणि एप्रिलमध्येच पसंत केलं. सकाळची वेळ होती, भिंतींना ताजा रंग होता, खिडकीबाहेर गुलमोहर होता. वीस मिनिटांत विसाराची रक्कम ठरली. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात झोपायच्या खोलीची पश्चिमेकडची भिंत हाताला गार लागू लागली. मग रंगाचे पोपडे सुटले. कपाट पुढे ओढलं तर मागे पांढऱ्या भुकटीसारखा लोणा लागलेला दिसला. तो एका पावसाळ्यातला नव्हता. कपाट एप्रिलमध्येही तिथेच होतं. ‘जरा हातभर पुढे ओढता का?’ एवढं विचारलं असतं तर सगळं कळलं असतं.

त्यानंतर नात्यातल्या, ओळखीतल्या बऱ्याच जणांबरोबर मी घरं पाहायला गेले आणि हळूहळू पाहण्याचा एक क्रम बसला. त्या क्रमाचं सूत्र साधं आहे. आपल्याकडे चार महिने पाऊस कोसळतो, आणि घराची खरी परीक्षा पाणीच घेतं. गच्चीवर पडलेलं पाणी जोत्यापर्यंत कोणत्या वाटेने उतरतं, आणि टाकीतलं पाणी नळातून येऊन कुठून बाहेर जातं, या दोन वाटा पायाखाली घातल्या की जुन्या फ्लॅटचे बहुतेक मोठे दोष सापडतात. ही कृती सोसायटीतला जुना फ्लॅट घेणाऱ्यांसाठी आहे. विसार द्यायच्या आधी ती पूर्ण करा, कारण पैसे गुंतले की डोळे दोष पाहायचं टाळतात.

वेळ

किमान तीन फेऱ्या ठेवा. पहिली दिवसा, पुरेशा उजेडात, दोन-अडीच तासांची. दुसरी रात्री नऊच्या सुमारास : पार्किंग, आवाज, जिन्यातले दिवे आणि आजूबाजूची वर्दळ पाहायला. तिसरी, शक्य असेल तर, सलग दोन-तीन दिवस पाऊस झाल्यानंतर. जून ते सप्टेंबरमध्ये घर पाहण्याची संधी मिळाली तर चिखलाची कुरकुर न करता जा. उन्हाळ्यात पाहायला लागलं तर खालच्या पायऱ्या दुप्पट काळजीने करा.

साहित्य

मोजपट्टी, टॉर्च, एक रुपयाचं नाणं, काचेची गोटी, दोऱ्याला बांधलेलं एखादं वजन म्हणजे घरगुती ओळंबा, मोबाइल चार्जर, जुनं फडकं, एटीएम कार्ड, होकायंत्र असलेला मोबाइल, वही आणि पेन्सिल. बरोबर एक माणूस असा न्या, ज्याला ते घर अजून आवडलेलं नाही. बोलण्यात गुंतवून ठेवणाऱ्या एजंटकडे एकाने लक्ष द्यावं, दुसऱ्याने भिंतींकडे.

पायरी १ : आधी इमारतीला फेरी मारा

फाटकातून थेट लिफ्टकडे जाऊ नका. इमारतीभोवती एक पूर्ण चक्कर मारा आणि मान वर करून चारही बाजू पाहा. मोबाइलवर नैऋत्य दिशा काढा. आपला पाऊस नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर येतो, म्हणून दक्षिण आणि पश्चिमेच्या भिंतींना तो सर्वांत जास्त झोडपतो. त्या भिंतींवर काळे-हिरवे ओघळ, शेवाळ, सुटलेला गिलावा किंवा भेगांवर ओढलेल्या सिमेंटच्या रेघा दिसल्या, तर त्या कोणत्या मजल्याच्या कोणत्या खोलीबाहेर आहेत ते वहीत लिहा. वर गेल्यावर नेमकी तीच भिंत आतून पाहायची आहे.

सांडपाण्याच्या आणि मैलापाण्याच्या नळांचे सांधे पाहा. नळाशेजारची भिंत भर उन्हाळ्यातही ओली असेल तर तो सांधा गळतो आहे. भेगेत पिंपळाचं रोप उगवलेलं दिसलं तर समजा, तिथे पाणी मुरतं आणि बऱ्याच दिवसांत कोणी लक्ष दिलेलं नाही. पिंपळाची मुळं भेग आणखी रुंद करत जातात.

मग पार्किंगमध्ये या. इमारतीचे कॉलम रंगसजावटीविना इथेच दिसतात. कॉलमवर उभ्या रेषेत भेग असेल, सिमेंटचा खपला उडून गंजकी सळी दिसत असेल, तर ती गोष्ट गंभीर आहे. काँक्रीटमध्ये पाणी आणि हवा शिरली की सळी गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे सळी आतून काँक्रीटला ढकलते आणि ते सळीच्याच रेषेत तडकतं. समुद्राकाठी, म्हणजे मुंबईत आणि कोकणपट्टीत, खाऱ्या हवेमुळे हे लवकर होतं. एखाद्याच कॉलमला नवा जाड गिलावा किंवा वेगळा रंग असेल तर तो का दिला, हे सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारा.

पायरी २ : पुराचं पाणी कुठवर आलं होतं, ते विचारा

हा प्रश्न घरमालकाला विचारू नका. समोरचा इस्त्रीवाला, वाणी, जुना वॉचमन यांना विचारा : ‘पावसात इथे पाणी कुठपर्यंत येतं?’ ते हाताने उंची दाखवतात. तळमजल्यावरच्या दुकानांचे ओटे, मीटरच्या खोलीतल्या भिंतीवरची मातकट रेघ, वर उचलून बसवलेला पंप, या खुणाही तेच सांगतात.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर बुडालं, २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूण. पुण्यात २०२४ च्या जुलैमध्ये सिंहगड रस्त्यालगतच्या नदीकाठच्या सोसायट्यांत पाणी शिरलं. नदीकाठच्या घरासाठी पूररेषा पाहणं म्हणूनच आवश्यक आहे. नकाशावरची निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची हद्द आणि लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. घर वरच्या मजल्यावर असलं तरी हे पाहा. पाणी आलं की लिफ्ट, वीज, पंप आणि गाड्या सगळ्यांच्याच बंद पडतात.

पायरी ३ : गच्ची

आता लिफ्टने थेट वर जा आणि पाहत पाहत खाली या. फ्लॅट सर्वांत वरच्या मजल्यावर असेल तर ही पायरी सर्वांत महत्त्वाची. इतरांनीही टाळू नये, कारण गच्चीची अवस्था म्हणजे सोसायटीच्या देखभालीचा नमुना.

गच्चीवरच्या कोब्याला किंवा चायना मोझॅकला भेगा आहेत का? कठड्याच्या तळाशी कोपऱ्यात सिमेंटची गोलाई असते. ती भिंतीपासून सुटली असेल तर पाणी नेमकं तिथून खाली उतरतं. पावसाळी नळांची तोंडं शोधा. तिथे पालापाचोळा, कबुतरांची पिसं, प्लास्टिक अडकलंय का? मध्येच काळपट गोल डाग दिसत असतील तर तिथे पाणी साचून राहतं, म्हणजे उतार चुकला आहे. कोब्यात खिळे ठोकून बसवलेले डिश अँटेना, सौर बंबांचे पाय, केबलचे खांब पाहा. प्रत्येक खिळा ही पाण्याला दिलेली वाट असते.

गच्चीवर पत्र्याची शेड असेल तर दोन प्रश्न विचारा : तिला परवानगी आहे का, आणि ती कोणत्या गळतीमुळे घालावी लागली? पाण्याच्या टाकीच्या बाहेरच्या बाजूला ओघळ आहेत का, टाकीच्या झाकणाला कुलूप आहे का, तेही पाहा.

पायरी ४ : छत

फ्लॅटमध्ये शिरल्यावर सगळे दिवे लावा आणि पडदे उघडा. पहिल्या मिनिटात फक्त वास घ्या. कुबट वास उदबत्तीने फार वेळ झाकत नाही. कपाटं, माळे आणि ओट्याखालचा कप्पा उघडून तिथेही वास घ्या.

मग छत पाहा. टॉर्च छताला जवळजवळ टेकवून तिरका प्रकाश टाका. समोरून टाकलेल्या प्रकाशात गुळगुळीत वाटणारा रंग तिरक्या प्रकाशात फुगे, पोपडे आणि लांबी भरल्याच्या खुणा दाखवतो. पिवळट-तपकिरी कडा असलेला डाग म्हणजे तिथे पाणी येऊन वाळलेलं आहे. एकाच खोलीला किंवा छताच्या एकाच कोपऱ्याला नवीन पीओपीचं छत असेल तर त्याच्या वर काय आहे ते विचारा, आणि मालकाची हरकत नसेल तर एखादा दिवा काढून त्या भोकातून टॉर्चने आत पाहा.

यानंतर वरच्या मजल्याचा आराखडा समजून घ्या. वरच्यांनी खोल्या हलवल्या आहेत का? तुमच्या स्वयंपाकघरावर त्यांचं न्हाणीघर किंवा संडास येत असेल तर पुढची वीस वर्षं ती गोष्ट तुमच्या डोक्यावर राहील. दोन मिनिटं वर जाऊन नम्रपणे विचारायला हरकत नाही. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीतून आणि पावसाच्या पाण्यामुळे होणाऱ्या गळतीची दुरुस्ती सोसायटीने करायची असते, तर सभासदाच्या संडास-सिंकमधून होणाऱ्या आतल्या गळतीचा खर्च त्या सभासदाने करायचा असतो. म्हणून डाग कुठून आला, यावर तो खर्च कोणाचा हे ठरतं.

पायरी ५ : भिंती आणि भेगा

वहीत लिहून आणलेल्या पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतींपासून सुरुवात करा. तळहाताची पालथी बाजू भिंतीला लावा. ओल असेल तर शेजारच्या भिंतीपेक्षा ती जागा गार लागते. भिंतीला टेकलेली कपाटं, पलंगाची पाठ, मोठी चित्रं यांच्या मागे पाहू द्यावं, अशी विनंती करा. जमिनीलगतची वीतभर भिंत आणि खिडकीखालचे दोन्ही कोपरे विसरू नका. ओल बहुतेकदा तिथूनच दिसायला लागते.

भेग दिसली की घाबरायचंही नाही आणि दुर्लक्षही करायचं नाही. तिची जागा, दिशा आणि रुंदी पाहायची.

बीम आणि विटांची भिंत जिथे भेटतात तिथली आडवी बारीक रेघ बहुधा दोन वेगळ्या वस्तूंच्या सांध्याची असते. गिलाव्यावरच्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघाही फक्त गिलाव्याच्या असतात. दारा-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी जाणारी भेग मात्र लक्ष देण्यासारखी. तशीच भेग खालच्या आणि वरच्या मजल्यावरही असेल तर इमारत एका बाजूने खचत असण्याची शक्यता असते. बीमवर, कॉलमवर किंवा स्लॅबच्या पोटात सळ्यांच्या रेषेत गेलेल्या भेगा सर्वांत वाईट.

रुंदीसाठी एटीएम कार्ड वापरा. ते साधारण पाऊण मिलिमीटर जाड असतं. भेगेत कार्डाची कड शिरली तर स्वतः अंदाज बांधत बसू नका, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. ते हातोड्यासारखं एक उपकरण काँक्रीटवर दाबून त्याचा कठीणपणा तपासतात, आणि गरज वाटली तर पुढच्या चाचण्या सांगतात. त्यांची फी घराच्या किमतीपुढे फार लहान असते.

भिंती सरळ आहेत का, हे ओळंबा सोडून पाहा. खोलीचे कोपरे गुण्यात आहेत का, हे पाहायची सोपी रीत अशी : कोपऱ्यापासून एका भिंतीवर ३ फूट आणि दुसऱ्या भिंतीवर ४ फूट मोजा. या दोन खुणांमधलं अंतर बरोबर ५ फूट आलं तर कोपरा काटकोनात आहे. शेवटी मूळ नकाशा हातात घेऊन पाहा : एखादी भिंत पाडली आहे का, बाल्कनी खोलीत घेतली आहे का, बीम किंवा कॉलम कुठे छिलला आहे का.

पायरी ६ : न्हाणीघर, संडास आणि ओटा

इथे घाई करू नका. फ्लॅटमधल्या दुरुस्त्यांमध्ये सर्वांत खर्चिक आणि सर्वांत त्रासाची दुरुस्ती न्हाणीघराची असते. फरशी, नळ आणि खालचा भराव सगळंच उकरावं लागतं.

आधी उतार पाहा. दाराजवळ बादलीभर पाणी ओता. ते थेट न्हाणी ट्रॅपकडे गेलं पाहिजे. उंबऱ्याशी किंवा कोपऱ्यात थांबलं तर उतार चुकला आहे. मग नाण्याने भिंतीवरच्या आणि जमिनीवरच्या टाइल्स वाजवा. पक्क्या बसलेल्या टाइलचा आवाज टणक येतो, खाली पोकळी असेल तर तो बद्द येतो. एखाददुसरी पोकळ टाइल चालेल. ओळीने पोकळ लागल्या तर खाली पाणी खेळत असण्याची शक्यता आहे. टाइलच्या सांध्यांतलं भरण काळं पडलंय किंवा निघून गेलंय का, तेही पाहा.

मालक तयार असतील तर ट्रॅपच्या तोंडाला फडक्याचा बोळा घट्ट बसवून जमिनीवर दोन बोटं पाणी साचवा आणि काही तास तसंच ठेवा. तयार नसतील तरी पुढचं काम करा : खालच्या मजल्यावर जा. बेल वाजवा, नमस्कार करा, आणि सरळ सांगा की आम्ही वरचा फ्लॅट घ्यायचा विचार करतोय, तुमच्या न्हाणीघराचं छत दाखवाल का? या साऱ्या कृतीतली एकच पायरी करायला वेळ असेल तर हीच करा. वरच्या घरात नवी टाइल लावून गळती दिसेनाशी करता येते. खालच्या छतावरचा डाग मात्र तिथेच असतो, आणि घर घेतल्यावर त्या डागाचं भांडण तुमच्या नावावर येतं.

आता नळ. सगळ्यात वरचा शॉवर आणि बेसिनचा नळ एकदम सोडा. १५ लिटरची बादली दीड-दोन मिनिटांत भरली तर दाब बरा आहे. नळ बंद करून थोड्या वेळाने पुन्हा सोडा. पहिलं पाणी तांबूस आलं तर आतले लोखंडी नळ गंजले आहेत, आणि ते भिंतीत गाडलेले असतील तर बदलायला भिंत फोडावी लागेल. फ्लश दोनदा ओढा, टाकी किती वेळात भरते ते पाहा, भरल्यावरही भांड्यात पाणी झिरपतंय का पाहा. सिंक आणि बेसिन भरून एकदम मोकळं करा आणि खालच्या नळीवर हात फिरवा. पाणी घळाघळा गेलं पाहिजे, आणि त्याच वेळी न्हाणी ट्रॅपमधून वर यायला नको. ओट्याखालच्या कप्प्यातलं लाकूड फुगलेलं असेल तर तिथे जुनी गळती आहे.

पायरी ७ : जमीन, दारं, खिडक्या

गोटी जमिनीवर ठेवा. प्रत्येक खोलीत ती एकाच दिशेला वेगाने पळत असेल तर पायरी ५ मधल्या तिरक्या भेगा पुन्हा एकदा पाहा. नाण्याने इथल्याही फरश्या वाजवा. प्रत्येक दार उघडा, अर्धं उघडून सोडून द्या. ते आपोआप फिरलं तर चौकट कललेली आहे. कडी-कोयंडे लावून पाहा. चौकटीच्या खालच्या टोकाला नखाने दाबा. लाकूड मऊ लागलं किंवा भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी आहे. माळ्यावर आणि कपाटांच्या पाठीलाही ती शोधा.

खिडकीच्या सरकत्या पट्ट्यांच्या खाचा पाहा. पाणी बाहेर जायची बारीक भोकं बुजलेली असतील तर पावसाचं पाणी आत सांडतं. खिडकीबाहेरचा कट्टा बाहेरच्या बाजूला उतरता हवा. वर छज्जा नसेल तर पश्चिमेची खिडकी पावसाळाभर बंद ठेवावी लागेल, हे धरून चाला.

पायरी ८ : वीज

मुख्य पेटी उघडून पाहा. एमसीबी आहेत की जुने फ्यूज? गळती झाल्यावर वीज तोडणारं उपकरण, ज्याला बोलताना ईएलसीबी किंवा आरसीसीबी म्हणतात, ते आहे का? घरासाठी ते ३० मिलिअँपिअरचं असावं. त्याच्यावरचं टेस्टचं बटण मालकांच्या परवानगीने दाबा. वीज ताबडतोब गेली पाहिजे. प्रत्येक सॉकेटला चार्जर लावून पाहा. गिझरच्या आणि एसीच्या जागी जाड वायर टाकली आहे का विचारा. साधारणपणे तिथे ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर असते. जुन्या घरांत ॲल्युमिनियमची वायर असेल तर पूर्ण वायरिंग बदलण्याचा खर्च धरा. अर्थिंगची तपासणी मात्र इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. भिंतीत ओल असलेल्या घरात ती सर्वांत आधी हवी.

पायरी ९ : मोजमाप

प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी स्वतः मोजा आणि मूळ करारातल्या कार्पेट क्षेत्राशी ताडून पाहा. करारात क्षेत्र चौरस मीटरमध्ये असेल तर १०.७६४ ने गुणा. ५५ चौरस मीटर म्हणजे सुमारे ५९२ चौरस फूट. जाहिरातीतल्या ‘सुपर बिल्टअप’ आकड्यात जिना, लिफ्ट, पॅसेज यांचा वाटा धरलेला असतो, त्यावरून भाव ठरवू नका. रेरा कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे कार्पेटमध्ये आतल्या भिंती धरतात, पण बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरत नाहीत. दर काढताना दोन घरांची तुलना एकाच व्याख्येने करा. झाकलेली बाल्कनी खोली म्हणून विकली जात असेल तर तिचा भाव खोलीचा देऊ नका.

पायरी १० : सोसायटीचं आरोग्य

सेक्रेटरींची वेळ घेऊन भेटा. हे प्रश्न विचारा.

• पाणी महापालिकेचं किती वेळ येतं? वर्षातले किती महिने टँकर लागतो, आणि त्याचा खर्च कसा वाटतात? बोअरचं पाणी पीत असाल तर त्याची तपासणी करून घ्या. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची योग्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे.

• स्ट्रक्चरल ऑडिट कधी झालं? उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांपेक्षा जुन्या इमारतीचं दर ३ वर्षांनी करायचं असतं. अहवाल वाचायला मागा. त्यात सांगितलेल्या दुरुस्त्या झाल्या का?

• सिंकिंग फंड आणि दुरुस्ती निधीत किती शिल्लक आहे? येत्या वर्षात मोठी वर्गणी निघणार आहे का? वॉटरप्रूफिंग किंवा लिफ्ट बदलण्याचा ठराव झाला असेल तर तो खर्च तुमच्या वाट्याला येईल.

• लिफ्टच्या देखभालीचा करार चालू आहे का? अग्निशमन यंत्रणा बसवलेल्या इमारतीत जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचं ‘फॉर्म बी’ प्रमाणपत्र दिलं आहे का?

• पार्किंग कोणत्या नियमाने मिळतं? स्टिल्टमधली जागा बिल्डर वेगळी विकू शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केलं आहे. ‘पार्किंगसह’ या शब्दावर न थांबता सोसायटीच्या नोंदीत काय आहे ते पाहा.

पायरी ११ : कागद

कागदांची छाननी वकिलांनी करायची असते, पण यादी तुमच्याजवळ हवी. बिल्डरपासून आजच्या मालकापर्यंतचे सगळे नोंदणीकृत करार आणि त्यांच्या सूची क्रमांक दोन, भोगवटा प्रमाणपत्र, मंजूर नकाशा, शेअर सर्टिफिकेट, सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र, मालमत्ता कर आणि वीजबिल. मागच्या ३० वर्षांचा शोध-अहवाल काढून घ्या. घरावर कर्ज असेल तर मूळ कागद बँकेत असतात, ते सुटण्याचा क्रम लिहून घ्या. मूळ मालक वारले असतील तर नॉमिनी म्हणजे मालक असं समजू नका, सगळ्या वारसांची संमती लागते. जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का, म्हणजे कन्व्हेयन्स झालं आहे का, हे जरूर विचारा. बिल्डरने ते केलं नसेल तर २००८ पासून मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग उपलब्ध आहे. पुनर्विकासाच्या वेळी हाच कागद सर्वांत आधी पुढे येतो.

फ्लॅट रेरात नोंदलेल्या प्रकल्पातला आणि अलीकडचा असेल तर ताब्याची तारीख पाहा. बांधकामातल्या दोषांची जबाबदारी ताब्यापासून ५ वर्षं बिल्डरवर असते, आणि कळवल्यापासून ३० दिवसांत ते विनामूल्य दुरुस्त करून द्यायचे असतात.

बँक कर्ज देते म्हणजे घर चांगलं आहे, असा अनेकांचा समज असतो. बँकेचा माणूस घराची किंमत आणि कागद पाहतो. तुमच्या झोपायच्या खोलीतली ओल शोधणं हे त्याचं काम नाही.

पायरी १२ : हिशेब आणि निर्णय

घरी येऊन वहीत तीन रकाने आखा.

पहिल्या रकान्यात राहता राहता करता येण्यासारखं : नळ, कडी, रंग, खिडकीच्या पट्ट्या. याने निर्णय बदलू नये.

दुसऱ्यात खर्चाचं, पण होण्यासारखं : न्हाणीघर, वायरिंग, पश्चिमेच्या भिंतीचं वॉटरप्रूफिंग. प्रत्येकाचा अंदाज प्लंबर, इलेक्ट्रिशियन आणि वॉटरप्रूफिंग करणाऱ्याकडून लेखी घ्या, बेरीज करा आणि ती किमतीतून कमी करून मागा. बोलणी करताना ‘घर जुनं आहे’ असं मोघम म्हणण्यापेक्षा खालच्या छतावरच्या डागाचा फोटो आणि लेखी अंदाज समोर ठेवा.

तिसऱ्यात आपल्या हातात नसलेलं : कॉलमच्या भेगा, पूररेषा, नसलेलं भोगवटा प्रमाणपत्र, वारसांचा वाद, दुरुस्तीला पैसे न देणारी सोसायटी. या रकान्यात एक जरी नोंद असेल, तर तिचं लेखी आणि तज्ज्ञाने मान्य केलेलं उत्तर मिळेपर्यंत विसार देऊ नका. गुलमोहर कितीही फुललेला असो.

उत्तरं मिळाली, मन झालं, तर विसारपावती सविस्तर लिहा. कोणती गळती कोणी, कोणत्या तारखेपर्यंत दुरुस्त करायची, कोणते पंखे, गिझर, कपाटं घरात राहणार, पार्किंग कोणतं, थकबाकी कोण भरणार, आणि कागदांत खोट निघाली तर विसार किती दिवसांत परत मिळणार, हे सगळं त्यात यावं. तोंडी वचनं देणारा माणूस चांगला असला तरी तो घर रिकामं करून दूर जाणार असतो.

आणि ताबा घ्यायच्या दिवशी, किल्ली हातात घेण्याआधी, हीच वही उघडा. आता कपाटं हललेली असतील, पलंग गेलेले असतील, सगळ्या भिंती उघड्या असतील. शेवटचा हप्ता द्यायच्या आधी पुन्हा एकदा गच्चीवर जा आणि पाण्याच्या वाटेने खाली या.